दुसऱ्यांदा निघाल्या त्या

भारतवारीहून परतलो की आमच्या तक्रारी पोटाच्या आणि उकाड्याच्या. अशा वेळी सिंथिया फरार आठवतात. न्यू हॅम्पशायरच्या या अविवाहित बाई १८२७ साली अमेरिकन मराठी मिशनच्या कामासाठी मुंबईत आल्या, मुलींच्या शाळा चालवल्या आणि प्रकृती ढासळल्याने १८३७ मध्ये इथे परतल्या. त्यानंतर घरी बसल्या असत्या तर कोण नावे ठेवणार होते? पण (आडनाव फरार असले तरी) बाई पळणाऱ्यांतल्या नव्हत्या. उकाडा, ताप, सगळे ठाऊक असूनही १८३९ मध्ये पुन्हा हजर, या खेपेस अहमदनगरला! धर्मप्रसार हा हेतू होताच, तो कशाला झाकायचा? पण त्यांची तिथली शाळा पाहून जोतीराव फुल्यांनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली. बाई १८६२ साली नगरलाच वारल्या.