जहाज कुणासाठी थांबत नाही
आई-बाबांना घेऊन इंदूरहून सिंगापूरच्या क्रूझला निघालात, तर विमानाचं तिकीट स्वतः काढायचं की क्रूझ कंपनीकडून? लक्षात ठेवा, जहाज सुटण्याच्या किमान तासभर आधी चेक-इन बंद होतं. कंपनीच्या तिकिटात विमान रखडलं, तर पुढच्या बंदरावर जहाज गाठून द्यायची धावपळ सहसा तीच करते. पण विमान निवडायला वाव कमी. स्वतः काढलंत तर वेळ, भाडं आणि जोखीम, तिन्ही तुमचीच. मग इंदूर–मुंबई–सिंगापूर एकाच पीएनआरवर घ्या. वेगवेगळ्या तिकिटांत पहिलं विमान चुकवलं, तर दुसरं हुकल्याची भरपाई कुणी देत नाही. आणि आदल्या दिवशीच पोचा. हॉटेलची एक रात्र वाचवायला जाऊन अख्खी क्रूझ बुडायला नको!