तिनं नकार दिला होता

सारा बार्टमनचं नाव निघालं की डोळ्यांपुढे एकच चित्र येतं. मोठ्या नितंबांची, जवळजवळ उघडी, काळी बाई. हे चित्र १८१० साली लंडनमध्ये तिकिटं खपावीत म्हणून काढलं गेलं. दोनशे वर्षांनीही कलावंत तेच गिरवतात आणि त्याला निषेध म्हणतात. माझं भांडण या निषेधाशी आहे.

दक्षिण आफ्रिकेतली ही खोईखोई बाई केपटाऊनला लोकांच्या घरी राबत होती. १८१० साली तिला लंडनला नेऊन ‘हॉटेन्टॉट व्हीनस’ या नावानं तिचा खेळ लावला गेला. गुलामीविरोधी मंडळी कोर्टात गेली. ती राजीखुशीनं आली आहे, करार झाला आहे, असं कोर्टाला सांगण्यात आलं आणि प्रकरण निकालात निघालं. ही ‘राजीखुशी’ आपल्याला चांगली ओळखीची आहे!

१८१४ मध्ये तिला पॅरिसला नेलं. मार्च १८१५ मध्ये शास्त्रज्ञ आणि चित्रकार तिच्याभोवती जमले. कमरेखालचं शेवटचं वस्त्र काढायला तिनं नकार दिला. पैसे देऊ केले तरी दिला. त्याच डिसेंबरात ती वारली. मग जॉर्ज क्युव्हिए या शास्त्रज्ञानं तिच्या देहाचा साचा घेतला, चिरफाड केली, मेंदू आणि योनी बरण्यांत भरली. जिवंतपणी जे तिनं दाखवलं नाही, ते मेल्यावर हिसकावून घेतलं. १९७०च्या दशकापर्यंत तिचा सांगाडा आणि साचा पॅरिसच्या संग्रहालयात लोकांसमोर मांडलेला होता.

आता कलेकडे पाहा. २०१० सालचा अब्देलतीफ केशीश यांचा चित्रपट अडीच तासांहून मोठा आहे. त्यात तिला पुन्हा पुन्हा उघडं करून पाहिलं जातं. हेतू चांगला असेल. पण तिच्या नकाराचं काय?

‘दाखवल्याशिवाय अत्याचार कळणार कसा?’ असं विचारलं जातं. मी म्हणते, अत्याचार तिच्या शरीरात नव्हता, पाहणाऱ्यांत होता. त्यांना रंगवा! तिकीट काढणारे रंगवा, सुरी धरणारे रंगवा.

आणि तीही कलावंत होती, हे का विसरायचं? तिची स्मरणशक्ती चांगली होती, ती डच बोलायची, थोडं इंग्रजी बोलायची, मोरचंग वाजवायची, नाचायची. ही नोंद खुद्द क्युव्हिएचीच आहे.

वेगळी वाटही आहे. खोईसान वंशाच्या कवयित्री डायना फेरस यांनी १९९८ मध्ये तिच्यावर कविता लिहिली. ती कविता तिचं शरीर मांडत नाही, तिच्या परतीबद्दल बोलते. फ्रान्सच्या सिनेटमध्ये तिचा अनुवाद वाचला गेला. २००२ मध्ये कायदा झाला, साराचे अवशेष मायदेशी आले, आणि ९ ऑगस्टला, तिथल्या महिला दिनी, हँकी गावी दफन झाले. केपटाऊन विद्यापीठात विली बेस्टर यांनी भंगार लोखंडातून घडवलेला तिचा पुतळा होता. २०१६ मध्ये काळ्या विद्यार्थिनींनी त्याला कापड नेसवलं. कुणी त्याला कलेची मुस्कटदाबी म्हटलं. मला त्यात १८१५ चा तोच नकार दिसतो.

म्हणून आपल्या पोस्टर-प्रदर्शनांत, शिबिरांत, पथनाट्यांत साराची गोष्ट जरूर सांगा. ते चित्र मात्र लावू नका. तिनं एकदा स्पष्ट ‘नाही’ म्हटलं आहे. निदान आपण तरी ते ऐकूया.