तलाव सरकारचा, मग गाळ कोणाचा?

पूर्व विदर्भातील झाडीपट्टीत 'मामा तलाव' हा शब्द सर्वांच्या तोंडी आहे. माजी मालगुजारी तलावांचे हे सुटसुटीत नाव. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूर या जिल्ह्यांत असे सुमारे ७,००० तलाव आहेत. गोंड राजवटीत तलाव बांधणाऱ्यास त्या पाण्याखाली येणाऱ्या जमिनीचे हक्क मिळत. या उत्तेजनामुळे कोहळी समाजाने जमिनीचा उतार आणि मातीचा गुण ओळखून पाळी घातल्या. नवेगाव बांध ही त्याच परंपरेची साक्ष होय.

हा तलाव म्हणजे गावाची सामाईक ठेव होती. पाऊस ओढ देई तेव्हा धान त्याच पाण्यावर तगे. ढीवरांना मासळी मिळे, काहींना शिंगाडा, गुरांना पाणी. उन्हाळ्यात निघणारा गाळ शेतात पडून खताचे काम करी. लाभ अनेकांचा असल्याने पावसाळ्यापूर्वी पाळ नीट करण्याचे कामही गावाचेच मानले जाई.

१९५० च्या कायद्याने मालगुजारी संपुष्टात आली. त्या व्यवस्थेत वेठबिगारीही होती; तिचे उच्चाटन न्याय्यच होते. परंतु तलावांची मालकी शासनाकडे गेली, तेव्हा गावाचे हक्क निस्तारपत्रकात नोंदले गेले आणि कर्तव्याची नोंद मात्र कोठेच झाली नाही. लहान तलाव पुढे जिल्हा परिषदांकडे आले. कागदोपत्री उरली ती केवळ सिंचनक्षमता. मासळी, शिंगाडा, गुरांचे पाणी यांचा हिशेब कोणी ठेवला नाही. गाळ साचला, बेशरमाची झुडपे माजली, बुडीत क्षेत्रात अतिक्रमणे झाली. 'तलाव सरकारचा आहे' असे म्हणून गावानेही हात झटकले, हेही मान्य केले पाहिजे.

२०१७ साली राज्य शासनाने 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना आणली. यंत्राने गाळ निघतो, हे स्वागतार्हच आहे. मात्र यंत्र परतल्यावर पुढच्या उन्हाळ्यात पाळीवर कोण उभे राहणार, हा प्रश्न निधीने सुटत नाही.

त्याचे उत्तर याच भूमीत सापडते. गडचिरोलीतील मेंढा-लेखा गावाला वनहक्क कायद्यान्वये २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तेथील ग्रामसभा आपले नियम स्वतः ठरवते आणि बांबूच्या विक्रीतून उत्पन्नही मिळवते. तलावांबाबत हाच मार्ग का अवलंबू नये? ग्रामसभेस तलावाचा ताबा द्यावा, मासळी व शिंगाड्याच्या उत्पन्नाचा ठरावीक वाटा देखभालीसाठी राखावा आणि ढीवरांचे स्थान त्यात आधी निश्चित करावे. मोजणी व नकाशे यांसाठी आधुनिक तंत्राचे साह्य अवश्य घ्यावे.

मालगुजार गेला, हे इष्टच झाले. त्याच्याबरोबर तलावाचा वालीही जावा, हे मात्र कोणालाच अभिप्रेत नव्हते.