थोडेसेच कमी

रमजान सुरू झाला की गावच्या बाजाराचे घड्याळ बदलते. दुपारभर पेंगलेली पेठ असरच्या नमाजनंतर जागी होते. कलिंगडाच्या फोडी, केळी, खजूर, फेण्या, समोसे. गाड्यांभोवती रोजेदारांइतकीच रोजा नसलेल्यांचीही गर्दी असते, कारण गरम भज्यांना धर्म नसतो. मगरीबच्या अजानला पंधरा-वीस मिनिटे उरलेली असतात, प्रत्येकाला घर गाठायचे असते आणि नेमक्या याच घाईत काट्याकडे कुणी पाहत नाही. मिठाईवाला रिकामे खोके काट्यावर ठेवतो, त्यात मिठाई भरतो आणि खोक्याचे वजनही मिठाईच्या भावाने विकतो. पन्नास-साठ ग्रॅमसाठी भांडायचे कुणी?

कायदा याबाबत स्पष्ट आहे. 2009 च्या वैध मापन कायद्याने ग्राहकाला मालाचे निव्वळ वजन मिळाले पाहिजे. इलेक्ट्रॉनिक काटा दरवर्षी तपासून घ्यावा लागतो आणि त्याचे प्रमाणपत्र दुकानात लावावे लागते. बहुतेक दुकानांत ते लावलेलेही असते. काटा बरोबरच असतो. खोट असते ती खोक्यात.

पवित्र कुरआनात या खोटीवर एक अध्याय आहे. त्र्याऐंशीवा, नाव ‘अल्-मुतफ्फिफीन’. ज्या ‘तत्फीफ’ शब्दावरून हे नाव आले, त्याच्या मुळाशी क्षुल्लक, किंचित असा अर्थ आहे. तत्फीफ म्हणजे मापात चिमूटभर राखून ठेवणे. अध्यायाचे नाव दरोडेखोरांवरून नाही, या चिमूटभर राखणाऱ्यांवरून आहे. त्यांची ओळखही तिथे दिली आहे: स्वतः घेताना हे लोक माप पुरेपूर भरून घेतात आणि दुसऱ्याला देताना कमी देतात. दोष नुसत्या कमी देण्याचा नाही, दोन मापे बाळगण्याचा आहे.

मदिनेच्या बाजारातला एक प्रसंग हदीसमध्ये येतो. प्रेषित मुहम्मद (स.) धान्याच्या एका ढिगाजवळ थांबले आणि त्यांनी आत हात घातला. वरचे धान्य कोरडे होते, आत बोटांना ओल लागली. व्यापारी म्हणाला, पावसात भिजले. प्रेषितांनी विचारले, मग लोकांना दिसेल असे भिजलेले वर का ठेवले नाहीस? आणि फसवणाऱ्याशी आपले नाते नाही, असेही सांगितले. पाऊस हा त्या व्यापाऱ्याचा गुन्हा नव्हता आणि भिजलेले धान्य विकण्यालाही तिथे कुणी हरकत घेतली नाही. हरकत होती ती कोरड्याचा थर वर रचण्याला. आंब्याची पेटी उघडून वरच्या थराखाली हात घालणाऱ्या कुठल्याही ग्राहकाला हा प्रसंग वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

इमाम अबू हनीफा यांचे नाव मशिदीत आदराने घेतले जाते. ते कूफा शहरात कापडाचे व्यापारी होते, हे मात्र कमी जणांना ठाऊक असते. त्यांच्या चरित्रांत एक गोष्ट सांगितली जाते. मालातल्या एका कापडात दोष होता. विकताना तो गिऱ्हाइकाला दाखव, असे त्यांनी भागीदाराला बजावले होते. भागीदार विसरला आणि ते कापड नेणाऱ्याचा पत्ताही लागेना. तेव्हा इमामांनी त्या विक्रीची सगळी रक्कम दान करून टाकली. चूक त्यांची नव्हती, हेतूही नव्हता. तरी ते पैसे त्यांनी घरात ठेवले नाहीत.

माप मात्र फक्त मालाचे नसते. इमाम मालिक यांच्या ‘मुवत्ता’ या ग्रंथात हजरत उमर (र.) यांची आठवण आहे. असरच्या नमाजला न आलेला एक माणूस त्यांना भेटला. का आला नाहीस, असे विचारल्यावर त्याने काहीतरी सबब सांगितली. उमर एवढेच म्हणाले, की तू तत्फीफ केलीस. बाजारातला तो शब्द त्यांनी कर्तव्याला लावला. पूर्ण देणे आणि कमी देणे प्रत्येकच गोष्टीत असते, असे इमाम मालिक त्यापुढे नोंदवतात.

प्रत्येक गोष्टीत म्हणजे कार्यालयीन वेळेतही. इथे थोडे घरातलेच बोलायला हवे. साडेअकराला येऊन ‘सहरीला उठावं लागतं’ म्हणणारा, तीनलाच टेबल आवरणारा, आणि दीड तास उलटला तरी ‘नमाजला गेलेत’ एवढेच ज्याच्याविषयी कळते असा कर्मचारी अगदीच विरळा नाही. खेड्यातून एसटीने आलेला शेतकरी फेरफारासाठी बाकावर बसून असतो. त्याच्या त्या दिवसाची मजुरी बुडालेली असते. तो हिंदू असेल, मुसलमान असेल, स्वतः रोजाने असेल. उद्या या, हे उत्तर त्याला सारखेच लागते. महिनाअखेर पगार मात्र पूर्ण तीस दिवसांचा जमा होतो. घेताना पुरेपूर, देताना किंचित कमी.

रोजा ठेवून काम झेपत नाही, ही अडचण खोटी नसते. उन्हाळ्यातला रमजान भल्याभल्यांची परीक्षा पाहतो. पण धर्माने वाटही दिलेली आहे. आजारी माणसाला आणि प्रवाशाला रोजे नंतर भरून काढण्याची मुभा कुरआनातच आहे. काही ठिकाणी शासनही वेळ जुळवून देते. तेलंगणात या महिन्यात मुस्लीम कर्मचाऱ्यांना दुपारी चारला कार्यालय सोडण्याची सवलत दिली जाते. मिळालेली सवलत उघडपणे घेण्यात गैर काही नाही. प्रश्न आहे तो न मागता, कुणाला न सांगता कापून घेतलेल्या वेळेचा. त्या शेतकऱ्याच्या दिवसातून कापलेली वेळ कोणत्याही इबादतीच्या खात्यात जमा होत नाही.

खरे तर हे रोजेदाराइतके दुसऱ्या कुणाला चटकन कळू नये. न्हाणीघराचे दार लावून त्याने घोटभर पाणी प्यायले तर कुणाला समजणार? तरी तो पीत नाही. तीस दिवस, कुणी पाहत नसताना, तो एक घोटही कमी-जास्त करत नाही. प्लॅस्टरच्या आत वायर ओढणारा वायरमन, उत्तरपत्रिका तपासणारा प्राध्यापक, रुग्णाला गरज नसलेली तपासणी लिहून देऊ शकणारा डॉक्टर, हे सगळे आपापल्या बंद दाराआड एकटेच असतात. तिथे हजेरीचे यंत्र पोहोचत नाही.

आणि मालक? रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत कापडाच्या आणि चपलांच्या दुकानांतली मुले रात्री एक-दोनपर्यंत उभी असतात. इफ्तार गल्ल्याच्या मागे, दोन खजुरांवर. जादा तासांचा हिशेब कुठल्याच वहीत नसतो. त्याच दुकानात मालक जकातीचा हिशेब मात्र बारकाईने मांडतो: शिलकीवर अडीच टक्के, पैशापैशाने. मग त्यातलीच काही पाकिटे त्याच मुलांच्या हातात ‘ईदी’ म्हणून पडतात. घेणारा शुक्रिया म्हणतो, बघणारे वाहवा करतात. पण मजुरी हे देणे आहे, जकात नाही, आणि जकातीच्या पैशातून मजुरी फेडता येत नाही हे कोणताही आलिम सांगेल. मजुराकडून पूर्ण काम घेऊन मजुरी न देणाऱ्याविरुद्ध कयामतच्या दिवशी अल्लाह स्वतः फिर्यादी असेल, असे हदीसमध्ये आले आहे.

तुकोबांनी कर्जखते इंद्रायणीत बुडवली, ही गोष्ट महाराष्ट्रात लहान मुलालाही माहीत असते. तिच्यातला एक तपशील सांगताना अनेकदा गाळला जातो. त्यांनी आधी धाकट्या भावाचा, कान्होबाचा, हिस्सा वेगळा काढून त्याच्या हाती दिला आणि मग आपल्याच वाट्याची खते पाण्यात सोडली. औदार्य करायचे ते स्वतःच्या हिश्शातून. दुसऱ्याच्या हक्काचे दान करून कुणी उदार होत नाही.

या दिवसांत दुकानांच्या मागच्या दारी, रात्री शटर ओढताना, कामावरची मुले एकमेकांना एकच गोष्ट विचारत असतात. चाँद कधी दिसेल, हे नाही. ते कॅलेंडरवर छापलेलेच असते, फार तर एक दिवस इकडेतिकडे. पगार ईदच्या आधी होणार की नंतर, एवढेच त्यांना कळायला हवे असते. घरी धाकट्या भावंडांचे कपडे अजून घ्यायचे असतात.