वहिनींच्या उशा आणि सासूबाईंची चादर



गेल्या महिन्यात आमच्या टेंभुर्णीत नात्यातल्या एका वहिनींच्या नव्या बंगल्याची वास्तू होती. हॉल देखणा. पांढऱ्या भिंती, मोजकं सामान, वेताचा झोपाळा. "सगळं इकोफ्रेंडली आहे बरं का! डिझायनरने थीमच अपरिग्रहाची दिलीय," वहिनी कौतुकानं सांगत होत्या. सोफ्यावर शुद्ध रेशमाच्या उशा होत्या. मागच्या अंगणात ड्रायव्हर गाडी पुसत होता, तो सासूबाईंच्या सोलापुरी चादरीनं. चांगली धडधाकट चादर!

तिथं मी गप्प बसले. इथं बोलते. कुणाला लागलं तर क्षमा असावी.

आधी उशांचं. नेहमीचं रेशीम काढताना आतल्या जिवासकट कोश उकळत्या पाण्यात टाकतात. आपण पाणी गाळून पितो, सूर्यास्ताआधी जेवतो, आणि पाहुण्यांना हजारो जिवांवर टेकून बसवतो. त्याला इकोफ्रेंडली कसं म्हणायचं?

आता अपरिग्रह. घरातलं धडकं सामान टेम्पोत भरून काढायचं आणि त्याच जागी नवं 'साधं' सामान आणायचं, हा तर दुप्पट परिग्रह झाला. शास्त्रात आसक्तीला परिग्रह म्हटलंय. फोटोत छान दिसावी म्हणून मोकळी ठेवलेली भिंत ही आसक्तीच की! आपल्या मुनी महाराजांची पिंछी आठवा. मोरानं आपणहून टाकलेली पिसं, हातानं बांधलेली, जीव वाचवण्यासाठी वापरायची. कारागिरी आणि साधेपणा बघायचा तर तिथं बघावा.

आणि ती चादर. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी सोलापुरात वसवलेला हा धंदा. पुठ्ठ्याला भोकं पाडून जेकार्डवर नक्षी उठवतात, ती दोन्ही बाजूंनी दिसते. जाड सुती कापड, धुवाल तितकं मऊ होतं. विरलं की गोधडीत जातं, शेवटी पायपुसणं होतं. 2005-06 साली सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालं, तरी परगावचा हलका माल 'सोलापुरी' म्हणून सर्रास विकला जातो. खोटा माल खरा म्हणून देणं हा अचौर्य व्रताचा अतिचार आहे, 'प्रतिरूपक व्यवहार'. विकणाऱ्याला दोष लागतोच. पण पन्नास रुपये वाचतात म्हणून डोळेझाक करणारी आपण कोण?

माझंही सांगते. सोलापुरात एका चादरीसाठी मी अर्धा तास घासाघीस केली होती. त्याच दिवशी दीड हजाराची फुलदाणी एका शब्दानं भाव न करता घेतली. विणकराची मजुरी कापायला जीभ चालली, शोभेच्या वस्तूपुढे मात्र ती बंद!

"पण चादर जुनाट दिसते हो," असं एकीनं मला ऐकवलं. दिसू दे. घर आपल्या माणसांना निजायला आहे, पाहुण्यांना दाखवायला नाही.

दशलक्षणात नवव्या दिवशी आपण उत्तम आकिंचन्यावर प्रवचन ऐकतो. यंदा त्याआधी कपाटं उघडा. धडकं असेल ते वापरायला काढा. नवं घ्यायचंच असेल तर दुकानदाराला तीन प्रश्न विचारा: कशापासून केलंय, कुठं विणलंय, करणाऱ्याला काय मिळालं? उत्तर आलं नाही तर उठून या.

मी वहिनींकडून ती चादर मागून आणलीय. धुऊन वाळत घातलीय, एक काठ तेवढा शिवायचा आहे.