वारकऱ्याला ओसरी, भाडेकरूला कागदही नाही

आषाढी वारीत माउलींची पालखी लोणंदला मुक्कामाला आली की आमच्या गावात कुणी कुणाला "तुम्ही कुठले?" म्हणून अडवत नाही. ओसरी, गच्ची, शाळा, सगळं उघडं. मला याचा अभिमान आहे. म्हणूनच पुढचं लिहितोय.

गेले दोन महिने संध्याकाळी गावात फिरून भाड्यानं राहणाऱ्यांशी बोलतोय. कुणी कांदा मार्केटात गोणी उचलतं, कुणी एमआयडीसीत कंत्राटावर. दहा बाय दहाची पत्र्याची खोली, चार-पाच बिऱ्हाडांत एक संडास. प्रत्येकाला एकच विचारलं, भाडेकरार आहे का? एकाकडंही निघाला नाही.

एक मावशी सतरा वर्षं इथं राहतात. घरकुलाची चौकशी करायला गेल्या, तर पहिलाच प्रश्न आला, "जागा कुणाच्या नावावर?" मावशी तिथूनच माघारी फिरल्या.

यात कारकुनाचा दोष नाही, योजनाच तशी आहे. २०१५ च्या शहरी प्रधानमंत्री आवास योजनेत स्वतःचं घर बांधायला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख, असे अडीच लाख मिळायचे. पण जागा आधी स्वतःची लागायची. म्हणजे या घटकात ज्याला जागा आहे त्याला घर, आणि ज्याला जागाच नाही तो यादीच्या आधीच बाहेर. सगळ्यात जास्त गरज कुणाला, हे तुम्हीच सांगा.

आता आपल्या घरमालकांचं. "करार केला तर भाडेकरू खोली बळकावंल," असं सर्रास ऐकू येतं. खरं उलटं आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चं कलम ५५ सांगतं की करार लेखी आणि नोंदवलेला हवा, आणि नोंदवायची जबाबदारी मालकाची. त्याच कायद्याचं कलम २४ लेखी लीव्ह अँड लायसन्स करारावर राहायला खोली देणाऱ्या मालकाला मुदत संपल्यावर ती परत मिळवायचा सोपा रस्ता देतं. कागद दोघांच्याही फायद्याचा आहे. तो नसला की भाडेकरूला पत्त्याचा पुरावा नाही, आणि उद्या "खोली खाली कर" म्हटलं तर दाद मागताना हातात कागद नाही.

खरं सांगायचं तर माझ्याही दोन खोल्या भाड्यानं आहेत. माझ्याकडंही करार नव्हता. लोकांना विचारत फिरताना स्वतःचीच लाज वाटली. या महिन्यात दोन्ही करार नोंदवले.

२०२४ पासूनच्या आवास योजना २.० मध्ये परवडणाऱ्या भाड्याच्या घरांचा वेगळा घटक आहे. नगरपंचायत आणि एमआयडीसीनं मिळून लोणंदसाठी त्याचा प्रस्ताव करावा, ही माझी मागणी आहे. कारखाने पाहिजेत, कामगार पाहिजेत, तर कामगारानं राहायचं कुठं, याचंही उत्तर गावानंच द्यायला हवं.

तोवर निदान खोलीचा कागद तरी करून द्या. वारकरी एका रात्रीचा पाहुणा असतो. कामगार वर्षभर आपल्यातच राहतो.