भांडं एक, तर वाटाही सारखा हवा

गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत फेजोआद नावाचा पदार्थ करतात. राजमा किंवा चवळी आणि चोरीस, म्हणजे डुकराच्या मांसाचं गोव्याकडचं सॉसेज, एकाच भांड्यात शिजवायचं आणि पावाबरोबर किंवा भाताबरोबर खायचं. तिथे १५१० ते १९६१ पोर्तुगीजांची सत्ता होती. पदार्थाचं नाव त्यांच्या भाषेतलं. चव लाल मिरचीची, लसणाची, व्हिनेगरची. आता आपल्या वस्त्यांजवळच्या दुकानांतही कोंबडीच्या सॉसेजचं पाकीट मिळतं आणि मुलं त्यासाठी हट्ट धरतात. म्हणून या भांड्याबद्दल बोलायला हवं.

माझं म्हणणं सरळ आहे. हे भांडं जरूर शिजवा, पण त्यात कडधान्य मुख्य असू द्या आणि सॉसेज चवीपुरतं. याला दोन कारणं आहेत.

पहिलं कारण तब्येतीचं. मीठ लावून, धुरी देऊन किंवा रसायनं घालून टिकवलेलं मांस कर्करोगाला कारणीभूत ठरतं, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली जाहीर केलं. सॉसेज त्यातच येतं. असं मांस रोज ५० ग्रॅम खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो. म्हणजे शंभरातल्या अठरा जणांना कर्करोग होतो असं नव्हे. मुळात जो धोका असतो, तो तेवढ्या प्रमाणात वाढतो. कधीमधी खाल्लं म्हणून घाबरू नका, पण रोजच्या डब्यात सॉसेज नको. त्यात मीठही भरपूर असतं, ब्लड प्रेशर असणाऱ्यांनी तर जपावंच. हे मांसाहाराविरुद्ध बोलणं नाही. आपल्या ताटात काय असावं हे दुसऱ्याने ठरवू नये. आपण मात्र माहिती घेऊन ठरवावं.

दुसरं कारण वाट्याचं. भांडं एक असलं तरी सगळ्यांच्या ताटात सारखं येत नाही. तुकडे आधी पुरुषांच्या आणि मुलग्यांच्या ताटात जातात. आई, सून, लेक शेवटी बसतात तेव्हा तळाला रस्सा उरतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी असल्याचं आढळलं. समतेची गोष्ट आपण सभेत करतो, ती पळीतही दिसली पाहिजे. सॉसेजचे तुकडे मोजून वाढता येतात. चवळी मात्र प्रत्येक पळीत येते.

पाच माणसांसाठी पाव किलो चवळी रात्री भिजत घाला. एवढ्या चवळीतून प्रत्येकाला अंदाजे ११ ग्रॅम प्रथिनं मिळतात. सकाळी पाणी बदलून कुकरमध्ये शिजवा. चोरीस असेल तर शंभर ग्रॅम पुरे. वरचं आतडं काढून आतलं मांस थोड्या पाण्यात पूर्ण शिजवा. त्याची चरबी सुटते, वेगळं तेल लागत नाही. त्यातच कांदा, टोमॅटो परता, चवळी घाला आणि उकळू द्या. मीठ शेवटी, चव बघूनच. ताटात लिंबू पिळा. त्याने कडधान्यातलं लोह अंगी लागतं. जेवणावर लगेच चहा घेऊ नका, तो लोह शोषू देत नाही.

राजमा घेतलात तर एक काळजी घ्या. कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या राजम्याने उलट्या-जुलाब होतात. भिजवलेलं पाणी फेका आणि मंद आचेवर नुसता गरम न करता खळखळ उकळून मऊ शिजवा.

सॉसेज नसेल तरी काही अडत नाही. लसूण-मिरचीची फोडणी द्या, भाकरी करा आणि वाढायच्या आधी सगळ्यांची ताटं मांडा. बाईचंही.